अण्णाला सांगितलेली गाणी

मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि तरी त्या सहा-सात वर्षांत सोलापुरात झालेली बहुतेक गाणी मी पुढ्यात बसून ऐकली. लोकांना वाटायचं, गिरणीत माग चालवणारा साधा साचेवाला, पण केवढा दर्दी. खरं कारण माझा थोरला भाऊ होता. तो बहिरा झाला होता आणि त्याला गाण्याचं वेड होतं. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की दुसऱ्या कुणाला तरी कामाला लागावं लागतं. घरात दुसरा मीच होतो.

आमचं गाव करकंबच्या पलीकडे. बाप शेळ्यामेंढ्या राखायचा. अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. गावच्या भजनात तो पखवाज वाजवायचा, आणि बरा वाजवायचा असं गाव म्हणायचं. मी त्या वेळी भजनात फक्त खिरापतीसाठी जात असे. पुढे अण्णा सोलापूरच्या गिरणीत साच्यावर लागला आणि चारपाच वर्षांनी त्यानं मलाही ओढून आणलं. एका खोलीत अण्णा, मी आणि लग्न झाल्यावर माझी बायको असे आम्ही राहू लागलो. अण्णाची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती. त्यानं परत लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, एक पखवाज संभाळला तेवढं पुरे.

साचेखात्यात चारपाचशे साचे एका छपराखाली चालत. तिथं ऐकणं डोळ्यांनी होतं, कानानं नाही. ओठ मोठे हलवायचे, आवाज काढायचाच नाही, राहिलेलं हातानं सांगायचं. नवा माणूस महिन्याभरात शिकतो. दोन रांगा पलीकडून एखादा सांगतो, की काल मेहुणा आला होता आणि दोन दिवसांचं पीठ एका दिवसात संपलं, आणि ते तुम्हाला नीट कळतं, हसूही येतं. दहाबारा वर्षांनी कान जातात. कुणाचे अर्धे, कुणाचे सगळे. चपला झिजल्याची कुणी तक्रार करत नाही, तशी त्याचीही कुणी करत नसे. अण्णाचे सगळे गेले. खात्यात त्याचं काहीच अडलं नाही, कारण तिथं सगळेच बहिरे. अडलं ते बाहेर.

पहिल्यांदा मला ते कळलं गड्ड्याच्या जत्रेत. संक्रांतीनंतरची दुपार होती. एका कनातीत दक्षिणेकडचा कुणी भजनी बुवा गात होता. अण्णा मांडी घालून पुढे सरसावून बसला होता. थोड्या वेळानं तो माझ्याकडे वळला आणि खात्यात करतो तशी हनुवटी वर उचलली. म्हणजे, काय म्हणतोय? मी सवयीनं ओठ हलवून ओळ सांगितली. त्यानं मान डोलावली. परत हनुवटी. मी पुढची ओळ सांगितली. भजन संपेपर्यंत हेच चाललं. शेवटी तो बुवाकडे बघायचाच थांबला आणि सरळ माझ्याकडे तोंड करून बसला.

मी म्हणालो, "आरं, बुवाचं तोंड बघ की. तितंच कळंल."

"गवयाचं तोंड काय कामाचं," तो म्हणाला. "एक आ करतो आन् घटकाभर मिटतच न्हाय. तू बोल."

तेव्हापासून आमची रीत ठरली. मी गवयाकडे तोंड करून बसायचो, अण्णा माझ्याकडे. ओठांनी मी शब्द सांगायचो. उजव्या हाताचं बोट त्याच्या गुडघ्यावर ताल मोजायचं आणि सम आली की जरा जोरात पडायचं. डावा हात मांडीवर असायचा, सूर चढला की वर जायचा, उतरला की खाली. पखवाजवाल्या माणसाला एवढं पुरत होतं. बाकीचं तो स्वतःच्या आत कुठंतरी वाजवून घ्यायचा. मधेच डोळे मिटायचा, मग शब्द चुकायचे, मग माझ्या हातावर चापट मारून ओळ परत मागायचा.

बघणाऱ्यांना हे विचित्र दिसायचं. गवयाकडे पाठ करून बसणं हा केवढा अपमान. नव्या पेठेतल्या एका कापडवाल्याच्या माडीवर गाणं होतं तेव्हा एक गृहस्थ अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहुणे, गाणं इकडं चाललंय." मी त्यांना सांगितलं, की यांना ऐकू येत नाही. ते म्हणाले, "मग आलेत कशाला?" मला ऐकू येत होतं, तरी मी कशाला आलो होतो तेही मला सांगता आलं नसतं. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, तर इथं गाढवच वाचत होतं.

पण काम करता करता हात बसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मला ताल ओळखू येऊ लागले. बोलपट अजून गावात यायचे होते, चहाच्या दुकानात ग्रामोफोन लावत, आणि त्यावर काय लागलंय हे मी रस्त्यातून जाताना ओळखायचो. त्याच नव्या पेठेतल्या माडीवर एका बाईंचं गाणं झालं, दसऱ्याच्या आसपास, दिवसाउजेडी. बाई मध्यम वयाच्या, साध्या लुगड्यात. त्यांनी एक जागा अशी काही घेतली की माझे ओठ थांबले, बोट थांबलं. किती वेळ ते मला माहीत नाही. अण्णानं चिमटा काढला तेव्हा मी भानावर आलो.

घरी येताना त्यानं विचारलं, "मदी थांबलास का?"

"ऐकत हुतो," मी म्हणालो.

तो रस्त्यात उभा राहून हसला. "लेका, मी हितं उपाशी आन् वाढपीच जेवाय बसला व्हय."

मला त्याचं वाईट वाटलं नाही, त्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी साच्यावर तो दिवसभर ते बाईंचं गाणं म्हणत होता. माझा साचा त्याच्या साच्यासमोरच होता, मधे चालायची वाट. त्याचे ओठ मला स्पष्ट दिसायचे. त्याच्याजवळ अशी पन्नासेक गाणी साठली होती आणि सगळी माझ्या तोंडून गेलेली. कान गेलेल्या माणसाची तेवढीच कमाई. तो ती आळीपाळीनं म्हणायचा. आज हे, उद्या ते.

मग पुढल्या वर्षीच्या ज्येष्ठात माझी मुलगी गेली. तीन वर्षांची होती. ताप आला, पाचव्या दिवशी गेली. याहून जास्त सांगण्यासारखं काही झालं नाही.

मला काही वाटेना. लोक म्हणाले, रडा, मोकळे व्हा. रडू येत नव्हतं ते कुठून आणणार? बायको रडायची. मी तिच्याजवळ बसायचो आणि भिंतीवरच्या खुंटीकडे बघायचो. चौथ्या दिवशी भोंगा झाला तसा उठून कामावर गेलो. साच्यांचा आवाज बरा वाटला, कारण त्यात कुणी काही विचारत नाही. भाकरी खायचो, ती कसली होती हे सांगता आलं नसतं. हाताला साच्यातला धावता धोटा लागून नख फुटलं तर ते दुसऱ्याच कुणाचं असावं तसं मी बघत राहिलो.

अण्णानं महिनाभर गाण्याचं नाव काढलं नाही. मग आषाढात म्हणाला, "चल. घरात बसून डोस्कं कुजतंय." मी गेलो. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. नाटक कंपनीतला एक गाणारा होता. तो काय गायला ते मला आजही माहीत नाही. आवाज कानावर पडत होता, आत जात नव्हता. माझे ओठ मात्र हलत होते. कुठल्या तरी जुन्या गाण्याचे शब्द त्यांच्यातून जात होते, बोट आपोआप सोळा मात्रा मोजत होतं. साच्यावर हात चालतात तसंच. अण्णा मान डोलावत होता. फसवतोय असं माझ्या मनात आलं नाही. मनात काही येतच नव्हतं.

श्रावणात एका मठात भजन होतं, सोमवारी सकाळी. अक्कलकोटाकडचा गाणारा होता, थोडं कानडीत, थोडं मराठीत गायचा. दारात ओल्या फुलांचा ढीग होता आणि माणसं दाटीवाटीनं बसली होती. अण्णा नेहमीसारखा माझ्याकडे तोंड करून बसला. गाणं सुरू झालं आणि माझे ओठही सुरू झाले. बऱ्याच वेळानं मला कळलं की मी काय म्हणतोय. मुलीला झोपवताना मी एक काहीतरी जुळवून म्हणायचो. आम्ही शेळ्यांच्या घरचे, त्यामुळे त्यात शेळीच होती.

चुकली शेळी, चुकली शेळी, सांज झाली गं,
दार उघडं, दिवा लावला, ये ना घरी गं.

एवढंच होतं ते. दोनच ओळी. झोप लागेपर्यंत मी त्याच परत परत म्हणायचो. अण्णाच्या कानावर त्या कधी पडल्या नव्हत्या, कारण मुलगी जन्मण्याच्या आधीच त्याला ऐकू येईनासं झालं होतं. आता तो माझ्या ओठांकडे डोळे लावून बसला होता. कळल्यावरही मी थांबलो नाही. थांबून दुसरं काय म्हणायचं ते सुचेना. भजन संपलं तेव्हा अण्णाचे डोळे भरले होते.

वाटेत तो म्हणाला, "लई खोल हाय रं. शेळी म्हंजे जीव. कळप सुटला, आंधार पडला. पर त्यो वरचा दार लावत न्हाय. दिवा लावून बसलाय. कळलं का तुला?"

मी मान हलवली.

"तुला काय कळतंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून साच्यावर तो तेच म्हणू लागला. बाकीची पन्नास गाणी मागे पडली. वाटेच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो, आणि त्याच्या ओठांवर दिवसभर शेळी. एका संध्याकाळी घरात तो पाय धुता धुता ते मोठ्यानं म्हणाला. बहिऱ्याचं गाणं ते, सुराशी त्याचा संबंध नव्हता, पण शब्द सगळे होते. बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"भावजींना कुनी शिकिवलं हे?" तिनं मला विचारलं.

"मी."

तिनं पीठ घेतलं आणि परत थापायला लागली. तव्यावरची भाकरी करपली होती, ती तिनं काढून स्वतःच्या ताटात ठेवली.

भाद्रपदात गणपती बसले. नव्या पेठेतल्या एका मांडवात सुट्टीच्या दिवशी सकाळी मोठं गाणं ठेवलं होतं. गवई म्हातारे, नाव असलेले. आम्ही मागे बसायला चाललो होतो, तर मांडवातल्या एका कार्यकर्त्यानं आम्हाला ओळखलं. "तुम्ही दर्दी माणसं, मागं कशाला?" म्हणून त्यानं हाताला धरून आम्हाला थेट पुढे नेऊन बसवलं. गवयापासून चार हातांवर. अण्णा खुशीत होता. टोपी सारखी करून तो माझ्याकडे वळून बसला, म्हणजे गवयाकडे त्याची अगदी पाठ झाली.

तंबोरे लागले. बुवांनी डोळे मिटून आलापी सुरू केली. अगदी हळू, एकेक सूर. मांडव गप्प होता. तबलजी हात मांडीवर ठेवून बसला होता, त्याची पाळी अजून लांब होती. आणि माझं बोट अण्णाच्या गुडघ्यावर मोजायला लागलं होतं. ओठ मागच्या वर्षीचं कुठलंसं गाणं म्हणत होते. मी बुवांकडे बघत होतो, पण बुवा मला दिसत नव्हते.

सोळा मात्रा भरल्या, बोट समेवर जोरात पडलं, आणि अण्णा हात उंच करून "वा" म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगळ्या मांडवानं ते ऐकलं.

बुवा थांबले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर निभावलं असतं. त्यांनी विचारलं, "काय आवडलं, पाहुणे?"

लोकांच्या माना वळलेल्या बघून अण्णाला कळलं, की आपल्याला काहीतरी विचारलंय. त्यानं माझ्याकडे हनुवटी उचलली. मी काहीतरी सांगायला हवं होतं. काहीही चाललं असतं. माझं तोंड उघडलं नाही. मग कोणती ओळ आवडली असं विचारलं असेल, असा त्यानं आपल्याच मनानं अर्थ लावला, आणि बुवांकडे वळून, हात जोडून, मी सांगितलेली ओळ मोठ्यानं म्हणून दाखवली. आदरानं म्हणाला.

मागे कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. तबलजीनं आपले दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले, की बाबांनो, मी अजून तबल्याला हातही लावलेला नाही. अण्णा त्या हातांकडे बघत राहिला. जन्म पखवाजात गेलेला माणूस, त्याला ते कळायला वेळ लागला नाही. मग त्यानं आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. माझं बोट तिथं अजून मोजत होतं.

तो उठला, टोपी काढून बुवांना नमस्कार केला आणि माणसांमधून वाट काढत बाहेर गेला. मी मागून गेलो. उन्हं वर आली होती, पेठ गजबजली होती. तो पुढे चालत होता. तळ्याच्या काठाशी आल्यावर थांबला आणि माझ्यासमोर उभा राहिला. माझ्या तोंडावर ऊन येईल अशा बेतानं उभा राहिला, म्हणजे ओठ नीट दिसतील.

"कवापास्नं?" त्यानं विचारलं.

"पोरगी गेल्यापास्नं."

"त्याच्या आदीचं?"

"आदीचं समदं खरं हाय. आण्णा, शपथ."

"आता मला कसं कळावं?" तो म्हणाला. रागानं नाही. खरोखरच विचारत होता. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. जे काही होतं ते याच तोंडातून गेलेलं, आणि तेच तोंड आता साक्षीला उभं होतं.

"आषाढातलं? नाटकवाल्याचं?"

"खोटं."

त्यानं मान हलवली. एक गाडी गेली, तिच्यासाठी आम्ही बाजूला झालो. परत तो तसाच समोर येऊन उभा राहिला. टोपी या हातातून त्या हातात घेतली. मी त्या माणसाला बायको गेली तेव्हा पाहिलं होतं, कान गेले तेव्हा पाहिलं होतं. त्याला भ्यालेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"आन् शेळीचं?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं. मुलगी गेली त्या दिवशी यायला हवं होतं ते तिथं, भर उन्हात, तळ्याच्या काठावर आलं. त्याला सांगावं, की ते तिचं आहे, आपल्या पोरीचं, कुठल्या गवयाचं नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. आणि तो ओठांकडेच बघत होता.

"खरं," मी म्हणालो.

त्यानं श्वास सोडला. टोपी डोक्यावर ठेवली. "मग ऱ्हाऊ दे. त्ये खरं आसंल तर बाकीचं गेलं तरी चालतंय मला."

त्यानंतर तो कुठल्याच गाण्याला गेला नाही. मीही गेलो नाही. जुनी गाणी त्यानं टाकून दिली. बाईंचं, बुवाचं, सगळी. एवढंच एक ठेवलं, आणि साच्यावर रोज भोंग्यापासून भोंग्यापर्यंत तेच म्हणायचा, दोनच ओळी, परत परत. दिवाळीनंतर मी जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे, गेलो आणि दुसऱ्या रांगेतला साचा मागितला. त्यानं कारण विचारलं. मला ते सांगता आलं नाही, म्हणून त्यानं साचा दिला नाही. पुढली आठ वर्षं मी तिथंच, अण्णाच्या समोर उभा होतो.